क्यूजीआयएस: नकाशांच्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांसाठी एक परीक्षण

शहरांचे विकास आराखडे, गावठाणांची मोजणी, पाणलोटाची कामे, मोबाइलच्या मनोऱ्यांची जागानिश्चिती, घरपोच सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांची मार्गआखणी अशा कितीतरी कामांसाठी आज नकाशे करणारी माणसे हवी असतात. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी भूस्थानिक माहितीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय कंपन्यांवरील पूर्वपरवानग्यांची अट काढून टाकली. त्यानंतर या क्षेत्रातले खासगी काम मोकळे झाले आणि भूगोल, स्थापत्य किंवा संगणकशास्त्र शिकलेली मुले या वाटेने येऊ लागली. कोणते सॉफ्टवेअर शिकावे, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या रोजच्या कामात क्यूजीआयएस (QGIS) हे संगणकावर नकाशे करण्याचे सॉफ्टवेअर आहे आणि नव्याने रुजू होणाऱ्यांना ते शिकवण्याचे कामही माझ्याकडेच येते. म्हणून हे परीक्षण सॉफ्टवेअरच्या सर्वसाधारण वापरकर्त्यासाठी लिहिलेले नाही. नकाशांवर पोट भरू इच्छिणाऱ्याला क्यूजीआयएस कितपत उपयोगी पडते, एवढाच प्रश्न मी येथे विचारात घेतला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: सुरुवात याच सॉफ्टवेअरने करावी. मात्र ते वापरणाऱ्याला कुठेही अडवत नाही, चुकीचा नकाशाही तितक्याच तत्परतेने काढून देते, आणि नकाशाकाराची खरी परीक्षा तिथेच होते.

या प्रकल्पाची सुरुवात गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली. २०१३ पर्यंत त्याचे नाव क्वांटम जीआयएस असे होते, त्यानंतर ते आजच्या आखूड रूपात आले. २०१८ मध्ये तिसरी मोठी आवृत्ती निघाली आणि सध्या शिकवले जाणारे बहुतेक सगळे तिच्यावरच आधारलेले आहे. परवाना जीएनयू जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा असल्यामुळे ते विनामूल्य आहे, शिवाय कितीही संगणकांवर घालता येते आणि त्यावर केलेले काम विकताही येते. नवशिक्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की वर्गातल्या संगणकावर जे शिकले तेच घरी, तेच पहिल्या छोट्या कंत्राटात आणि तेच स्वतःच्या कार्यालयात चालते. विद्यार्थी परवान्याची मुदत संपली आणि त्याबरोबर हातातले कामही गेले, असा प्रसंग येत नाही.

दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि तिला कुठल्यातरी गावाचे नाव दिलेले असते, ३.३४ म्हणजे प्रिझरेन, ३.४० म्हणजे ब्रातिस्लावा. ही नावे वाचायला गमतीची असली तरी पोटापाण्याच्या कामासाठी नवीनतम आवृत्तीच्या मागे लागू नये. वर्षातून एक आवृत्ती दीर्घकालीन म्हणून जाहीर होते, तीच घालावी. विंडोजसाठी उतरवून घ्यायची फाइल एक जीबीहून मोठी आहे, ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप शिकण्यापुरता चालतो, आणि उपग्रहचित्रांवर काम करायचे असेल तर १६ जीबी असलेली बरी. मेनू इंग्रजीतच ठेवावेत, कारण अडचण आली की मदत इंग्रजी शब्दांनीच शोधावी लागते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. महाराष्ट्रात या व्यवसायात येणाऱ्याच्या हाती बहुधा सर्वांत आधी स्कॅन केलेला गावनकाशा येतो. त्यावर गट क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक असतात, शिवा असतात, ओढे आणि पाणंद रस्ते असतात; अक्षांश-रेखांश मात्र नसतात. मूळ मोजणी अनेक ठिकाणी ३३ फुटी साखळीने झालेली आहे (त्या साखळीचा चौरस म्हणजेच १,०८९ चौरस फुटांचा गुंठा), आणि कागद इतक्या वर्षांत आखडलेला, घड्यांवर फाटलेला असतो. असा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवण्यासाठी क्यूजीआयएसमध्ये जिओरेफरन्सर आहे. नकाशावरची ओळखीची जागा आणि जमिनीवरची तीच जागा यांच्या जोड्या, म्हणजे नियंत्रण बिंदू, देत जायचे आणि मग कोणत्या गणिती पद्धतीने नकाशा ताणायचा ते निवडायचे.

नव्या माणसाची कुवत इथेच दिसते. पहिल्या प्रतीची बहुपदी पद्धत निवडली तर संपूर्ण नकाशा एकसारखा फिरतो, लहानमोठा होतो आणि तिरपा होतो. प्रत्येक बिंदूवर किती चूक राहिली तेही खालच्या तक्त्यात दिसते. थिन प्लेट स्प्लाइन निवडली तर नकाशा रबरासारखा ताणला जाऊन दिलेल्या प्रत्येक बिंदूतून तंतोतंत जातो आणि चूक दाखवणाऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य येते. शिकाऊ माणूस ते शून्य पाहून खूश होतो. प्रत्यक्षात शून्याचा अर्थ चूक नाही असा होत नाही. चूक शोधण्याचे साधनच आपण बंद केले, एवढाच त्याचा अर्थ होतो. एखादा बिंदू शेजारच्या बांधावर दिला गेला असेल तर बहुपदी पद्धतीत तो मोठ्या चुकीने उठून दिसतो, आणि स्प्लाइनमध्ये तो आपल्या भोवतीचे गट गुपचूप ओढून घेतो. म्हणून आधी बहुपदीने बिंदू तपासावेत, संशयास्पद बिंदू काढावेत किंवा सुधारावेत, आणि कागद खरोखरच असमान आखडला आहे अशी खात्री पटल्यावरच स्प्लाइनकडे जावे. क्यूजीआयएस दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी ठेवते आणि यांतले काहीच सांगत नाही.

याच टप्प्यावर प्रमाणाचे भानही यायला हवे. १:१०,००० प्रमाणाचा नकाशा ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केला तर एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८५ सेंटिमीटर, आणि अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघ म्हणजे ५ मीटर. पडद्यावर वाटेल तितके मोठे करून बघता येते म्हणून अचूकता वाढत नाही. दोन मीटरच्या बांधासाठी भांडणाऱ्या भावाभावांना असा नकाशा दाखवून निवाडा देता येत नाही, त्यासाठी भूकरमापकाने जागेवर येऊन मोजणीच करावी लागते.

गट आखण्याचे काम कंटाळवाणे असले तरी क्यूजीआयएसमध्ये त्याची सोय उत्तम आहे. स्नॅपिंग (नवा बिंदू जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणे), टोपॉलॉजिकल एडिटिंग (सामाईक हद्द हलवली की दोन्ही आकार सोबत बदलणे) आणि शेजारच्या आकारावर चढू न देणारी सोय ही तिन्ही सुरू करून काम केले तर दोन गटांची सामाईक हद्द एकदाच आखली जाते, ट्रेसिंग (आधीच्या रेघेवरून गिरवत जाणे) सुरू करून ओढ्याच्या काठाने रेघ सहज चालवता येते, आणि शेवटी टोपॉलॉजी चेकर लावला की राहिलेल्या फटी व चढाचढी लाल रंगात समोर येतात. ही बटणे सुरुवातीला बंद असतात. ती बंद ठेवूनच गावचे गाव आखले आणि मग प्रत्येक बांधावर केसाएवढ्या फटी निघाल्या, हा अनुभव या धंद्यात इतका सार्वत्रिक आहे की शिकवणाऱ्याने पहिल्याच तासाला ही बटणे दाबायला लावली पाहिजेत.

आखलेल्या गटांचे क्षेत्र काढून ते आकारबंदाशी (जमिनीच्या क्षेत्राच्या सरकारी नोंदवहीशी) किंवा सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी ताडून पाहणे ही पुढची पायरी. येथे क्यूजीआयएसचा एक बारकावा प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. क्षेत्र काढण्यासाठी त्यात दोन रीती आहेत. डॉलरचे चिन्ह लावलेले एरिया हे पद प्रकल्पात निवडलेल्या पृथ्वीच्या लंबगोलावर क्षेत्र मोजते. कंसात भूमिती देऊन वापरायचे एरिया हे फंक्शन मात्र लेअर (नकाशातला माहितीचा एक थर) ज्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या ज्या रीतीत, असेल त्या सपाट कागदावर मोजते. इंटरनेटवरचे बहुतेक पार्श्वनकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात, त्यामुळे नवशिक्याचा गटांचा लेअरही अनेकदा त्याच प्रक्षेपणात तयार झालेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर वेब मर्केटर क्षेत्र सुमारे ११ टक्क्यांनी फुगवते. म्हणजे खरोखर १ हेक्टर असलेला गट दुसऱ्या रीतीने मोजल्यास १ हेक्टर ११ आर भरतो. ११ आर म्हणजे जवळपास ११ गुंठे, आणि ११ गुंठ्यांची किंमत हिंजवडीजवळ काय होते ते वेगळे सांगायला नको. दोन्ही आकडे तितक्याच आत्मविश्वासाने, दशांशचिन्हापुढे भरपूर अंकांसह येतात. कोणता खरा, ते सांगणारा माणूस हवा असतो आणि त्यासाठीच त्याला पगार मिळतो.

यावर यूटीएम, म्हणजे जगाचे उभे पट्टे पाडून प्रत्येक पट्टा वेगळा मांडणारे प्रक्षेपण, वापरावे असे सर्रास शिकवले जाते आणि एका गावापुरते ते योग्यच आहे. पण आपले राज्य दोन पट्ट्यांत विभागलेले आहे. ७८ अंश पूर्व रेखांश ही ४३ आणि ४४ या पट्ट्यांची सीमा असल्याने मुंबईपासून अकोल्यापर्यंतचा प्रदेश एका पट्ट्यात आणि वर्धा, नागपूरपासून गडचिरोलीपर्यंतचा दुसऱ्या पट्ट्यात पडतो. पुण्यात शिकलेला मुलगा नागपूरच्या कामातही सवयीने ४३ निवडतो आणि क्यूजीआयएस त्याला मुळीच हटकत नाही. संपूर्ण राज्याच्या नकाशासाठी लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपण चांगले. काहीच न निवडता अक्षांश-रेखांश तसेच कागदावर मांडले, तर महाराष्ट्र पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे ६ टक्के रुंद दिसतो. वर्तमानपत्रांत असे पसरट नकाशे अधूनमधून दिसतात. जुन्या टोपोशीटचा (सरकारी भूप्रदेश नकाशाचा), म्हणजे पुण्याच्या ४७ एफ/१४ सारख्या पत्रकाचा, आधार घ्यायचा असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: ती पत्रके एव्हरेस्ट लंबगोलावर बेतलेली आहेत आणि आजचा जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. डेटम, म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आधार-आकार, न बदलता एकावर एक ठेवले तर सगळा मुलूख जागेवरून सरकतो. क्यूजीआयएसमध्ये हे सगळे डेटम आणि प्रक्षेपणे हाताशी आहेत, आणि या बाबतीत ते कोणत्याही महागड्या सॉफ्टवेअरच्या मागे नाही.

गावनकाशांइतकेच दुसरे मोठे काम म्हणजे आकडेवारीचे नकाशे. साक्षरता, पाऊस, लोकसंख्या, पेरा असे जिल्हावार किंवा तालुकावार रंगवलेले नकाशे स्वयंसेवी संस्थांना, वृत्तसंस्थांना आणि शासकीय विभागांना सतत लागतात, आणि नोकरीच्या मुलाखतीतही हाच नकाशा करायला सांगतात. यातला एक सापळा सविस्तर सांगण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी राज्यात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि जिल्हे ३६ झाले. आजची ३६ जिल्ह्यांची सीमा-फाइल घेऊन तिला जनगणनेचा तक्ता जोडला तर पालघरच्या रकान्यात काहीच येत नाही, आणि क्यूजीआयएसची वर्गवार रंगसंगती रिकाम्या रकान्याचा जिल्हा काढतच नाही. नकाशात वायव्य कोपऱ्याला भोक पडते. भोक निदान डोळ्यांना दिसते. ठाण्याची चूक दिसत नाही. जनगणनेतली ठाण्याची १ कोटी १० लाखांची लोकसंख्या पालघरसह आहे. ती जुन्या जिल्ह्याच्या ९,५५८ चौरस किलोमीटरला भागली तर घनता १,१५७ येते. नव्या ठाण्याच्या ४,२१४ चौरस किलोमीटरला भागली तर ती २,६०० च्या पुढे जाते, आणि जिल्हा सर्वांत गडद रंगात झळकू लागतो. नकाशा सुबक, सूची नीट, आणि आकडा साफ खोटा. सॉफ्टवेअर यात निर्दोष आहे, कारण त्याने सांगितलेला भागाकार बिनचूक केला. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो रंगांकडे पाहण्याआधी ठाण्याकडे पाहील.

तक्ते जोडताना नावांऐवजी सांकेतिक क्रमांक वापरण्याची सवय याच कारणासाठी लावून घ्यावी. बीडचे रोमन लिपीतले स्पेलिंग दोन प्रकारे लिहिले जाते. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, पण जुने तक्ते जुन्याच नावांनी आहेत. क्रमांकावर जोडले की नावे बदलोत वा न बदलोत, काम अडत नाही.

मराठीत नकाशा करायचा असेल तर काय, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. युनिकोड देवनागरी क्यूजीआयएसमध्ये व्यवस्थित उमटते आणि जोडाक्षरे तुटत नाहीत. ‘त्र्यंबकेश्वर’ हे नाव लिहून कोणीही खात्री करून घ्यावी. अडचण होते ती जुन्या शेपफाइल या प्रकारामुळे. त्यात रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे ‘तालुका’ हे सहा चिन्हांचे शीर्षकसुद्धा अर्ध्यावर कापले जाते. मजकूर कोणत्या संगणकीय संकेतांत लिहिला आहे ते सांगणारी सोबतची सीपीजी फाइल हरवली तर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य अक्षरे येतात. क्यूजीआयएस स्वतः जिओपॅकेज हा प्रकार पुढे करते आणि त्यात हा त्रास नाही. तरीही कार्यालयांतून देवाणघेवाण अजून शेपफाइलनेच चालते. एकच फाइल मागितली असता पाच तुकडे का पाठवले, असे विचारणारे ग्राहक तुम्हालाही भेटतील.

देवनागरीची दुसरी अडचण दृश्य स्वरूपाची आहे. इंग्रजी नकाशात डोंगररांगेचे नाव अक्षरांमध्ये अंतर सोडून रांगभर पसरवतात, आणि नदीचे नाव तिच्या वळणाने लिहितात. देवनागरीत अक्षरे दूर केली की शिरोरेषा तुटते. वळणावर बसवली की प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या कोनात कलते आणि शिरोरेषेला खाचा पडतात. ‘सह्याद्री’ हा शब्द नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत पसरवायचा कसा, याचे तयार उत्तर क्यूजीआयएसकडे नाही. मी अशा वेळी नाव सलगच ठेवतो, टाइप मोठा व रंग फिका करतो, आणि लांबलचक नदीवर तेच नाव दोन-तीन ठिकाणी, जिथे पात्र सरळ आहे तिथे, पुन्हा देतो. मराठी नकाशांच्या मांडणीवर आपल्याकडे कोणी पद्धतशीर काम केले तर ते फार मोलाचे ठरेल.

छापील पान तयार करण्यासाठी प्रिंट लेआउट नावाची वेगळी खिडकी आहे. शीर्षक, सूची, मोजपट्टी, उत्तर दिशेचा बाण, लहान स्थाननकाशा हे सगळे तिथे ठेवता येते आणि पीडीएफ किंवा एसव्हीजी काढता येते. त्यातली अ‍ॅटलस ही सोय मला या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची वाटते. एक पान नीट रचायचे, शीर्षकाच्या जागी तालुक्याच्या नावाचा रकाना जोडायचा, आणि आज्ञा दिली की राज्यातल्या ३५८ तालुक्यांची ३५८ पाने एकापाठोपाठ एक तयार होतात. प्रत्येकावर आपापले शीर्षक आणि योग्य तेवढे प्रमाण असते. सरकारी कामात अशा संचांना सतत मागणी असते आणि ज्याला अ‍ॅटलस येते त्याचे काम दिवसांवरून तासांवर येते. त्याउलट, सॉफ्टवेअरच्या मूळ रंगसंगतीवर विसंबू नये. नव्या प्रत्येक लेअरला ते मनाला येईल तो रंग देते, त्यामुळे नदी जांभळी आणि जंगल गुलाबी होते. हे बदलण्याचा कंटाळा केलेले नकाशे अहवालांत दुरूनही ओळखू येतात. छापखान्यात जाणाऱ्या पानावर शेवटचा हात अनेक जण अजूनही इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये फिरवतात, आणि तेवढे शिकून ठेवलेले बरे.

सॉफ्टवेअर फुकट मिळते, तसा सगळा डेटा फुकट मिळतो असे समजू नये. उपग्रहचित्रे पार्श्वभूमीला दिसतात म्हणून त्यांवरून वाटेल ते गिरवून विकण्याचा हक्क मिळत नाही. प्रत्येक पुरवठादाराच्या अटी वेगळ्या असतात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती व्यवसायात वापरता येते, पण श्रेय छापावे लागते. देशाच्या बाह्य सीमेबाबत तर विशेष सावध राहावे. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या सीमा-फाइलींत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा अनेकदा आपल्या अधिकृत नकाशापेक्षा वेगळी असते, आणि सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली गुन्हा आहे. १७६७ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेची सीमा वापरणे हा एकमेव सुरक्षित मार्ग आहे. क्यूजीआयएसच्या कोणत्याही मेनूत ही सूचना नाही आणि असणारही नाही, कारण ते जगभरासाठी केलेले आहे.

पूरक साधनांविषयी थोडक्यात. क्यूफील्ड हे मोबाइल अ‍ॅप कार्यालयात तयार केलेला प्रकल्प जसाच्या तसा शिवारात घेऊन जाते; विहिरी, रोपे, पथदिवे यांची नोंद करण्यासाठी ते उत्तम आहे. प्लगइन, म्हणजे वरून जोडायच्या जादा सोयी, असंख्य आहेत, ती बहुतांशी स्वयंसेवकांनी लिहिलेली असून काही मधेच बेवारस होतात, म्हणून ग्राहकाचे काम एखाद्या अनोळखी प्लगइनवर टांगून ठेवू नये. पायथन या संगणकीय भाषेची ओळख असेल तर मात्र क्यूजीआयएसचे दुसरेच दार उघडते. तेच ते काम आज्ञावलीने करून घेता येते आणि माणूस आखणीच्या टेबलावरून विश्लेषणाकडे सरकतो. वेतनाचा खरा फरक याच पायरीवर पडतो.

आता नोकरीचा प्रश्न. जाहिरातींत आर्कजीआयएस या विकत घ्यायच्या नकाशा-सॉफ्टवेअरचे नाव अजून मोठ्या प्रमाणावर दिसते. मोठ्या कंपन्या, परदेशी ग्राहकांची कामे करणारी कार्यालये आणि अनेक शासकीय प्रकल्प त्याच सॉफ्टवेअरवर उभे आहेत, आणि फक्त क्यूजीआयएस येणारा उमेदवार काही ठिकाणी पहिल्या चाळणीतच गळतो. ही वस्तुस्थिती आहे, तिच्याकडे डोळेझाक करून कोणाला सल्ला देऊ नये. पण लेअर, प्रक्षेपण, जोडणी, टोपॉलॉजी या कल्पना दोन्हीकडे त्याच आहेत, आणि एक नीट येणाऱ्याला दुसरे आत्मसात करायला फार वेळ लागत नाही. स्थापत्य आणि वास्तुरचनेच्या कार्यालयांत ऑटोकॅड हे रेखांकनाचे सॉफ्टवेअर चालते. तिथल्या डीएक्सएफ फाइली क्यूजीआयएसमध्ये उघडता येतात, परंतु त्या बहुधा अक्षांश-रेखांशासारख्या कोणत्याही निर्देशांकाशिवाय, कोऱ्या पटावर काढलेल्या असतात आणि त्यांना जमिनीवर आणण्याचे काम वेगळे करावे लागते. भूमि अभिलेख विभागात भूकरमापक व्हायचे असेल तर सॉफ्टवेअरचे ज्ञान पुरत नाही, तिथे स्थापत्यातली पदविका किंवा आयटीआयचा सर्व्हेअरचा अभ्यासक्रम लागतो. देहरादूनची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंग दूरस्थ पद्धतीने विनामूल्य अभ्यासक्रम चालवते. त्यांचा लाभ क्यूजीआयएसच्या सरावाबरोबर घ्यावा, कारण उपग्रहचित्राचे शास्त्र बटणे दाबून कळत नाही.

प्रमाणपत्रांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. गल्लोगल्ली निघालेल्या वर्गांतून भरमसाट शुल्क घेऊन क्यूजीआयएस शिकवले जाते आणि शेवटी सर्वांच्या हातात त्याच तालुक्याचा, त्याच रंगांचा नकाशा असतो. तेवढ्या पैशांत बरा लॅपटॉप येतो. सॉफ्टवेअरची अधिकृत प्रशिक्षण पुस्तिका संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहे आणि ती वर्गांत शिकवतात त्याहून क्रमवार आहे. उमेदवाराकडे मला प्रमाणपत्राऐवजी त्याचे स्वतःचे नकाशे पाहायचे असतात: आपल्या गावाचा बसवलेला जुना नकाशा, त्यातील गटांच्या क्षेत्राचा आकारबंदाशी घातलेला मेळ आणि जिथे मेळ बसला नाही तिथली कारणे, एखादा आकडेवारीचा नकाशा, ज्यात कोणता आकडा कशाला भागला ते लिहिलेले आहे, आणि एक मराठी नकाशा, ज्यात नावे एकमेकांवर चढलेली नाहीत. हे तिन्ही क्यूजीआयएसवर, एक रुपयाही न खर्चता होतात.

गुणांकन द्यायचेच तर शिकण्याचे साधन म्हणून पाचपैकी पाच, गावनकाशे आणि आकडेवारीच्या नकाशांसाठी साडेचार, आणि छपाईच्या सुबकतेसाठी साडेतीन. ज्यांना केवळ एका अहवालापुरता एकच नकाशा हवा आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, त्यांना हे डोईजड होईल. ज्यांनी यावर कमवायला सुरुवात केली आहे त्यांनी प्रकल्पाला वर्षातून एकदा थोडी देणगी द्यावी. ती संकेतस्थळावरून देता येते आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचे बरेचसे काम देणग्यांवर आणि सदस्य संस्थांच्या वर्गणीवरच चालते.